वाकड्या रोपांचा बगीचा

आमच्या सौसरात कोणी सोललेली संत्र्याची फोड तुमच्यापुढे धरली, तर पाहुणचार समजून पटकन गिळू नका. धरणारे आमचे शेजारी तुळशीराम काकाजी असतील, तर ती परीक्षा असते. फोड तोंडात गेली की काकाजी एक पाऊल पुढे येतात आणि तुमच्या ओठांकडे टक लावून बघत राहतात.

“गिळू नको. पयले सांग, कसं लागते?”

तुम्ही म्हणता, गोड. काकाजी म्हणतात, गोड तर साखरही असते. तुम्ही घाबरून म्हणता, आंबटगोड. ते म्हणतात, ते तर खोकल्याचं औषधही असते. शेवटचा उपाय म्हणून तुम्ही म्हणता, मस्त आहे काकाजी. इथे मात्र त्यांचा चेहरा पडतो. मस्त ही काय चव झाली का, मस्त तर झोपही लागते. आणि मग दुसरी फोड पुढे येते.

गॅसचं सिलेंडर आणणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा खांद्यावरच्या सिलेंडरसकट चार फोडी खाऊ घातल्या. पाचवीला तो बिचारा रडकुंडीला येऊन म्हणाला, काकाजी, संत्र्यासारखं लागते हो. काकाजींनी त्याला सोडलं, पण दिवसभर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. संत्र्यासारखं! एवढा बाप्या माणूस आन त्याच्याजवळ एक शब्द नाही, असं ते मला कंपाउंडच्या भिंतीवरून तीनदा ऐकवून गेले. स्वतः मात्र त्यांनी त्या संत्र्याची एक फोड तोंडात टाकली नव्हती. ते मी पाहिलं होतं, आणि मनात म्हटलं, म्हातारा मोठा हुशार आहे, स्वतः बसून दुसऱ्याला कामाला लावतो.

मी त्यांची शेजारीण. माहेर पांढुर्णा, सासर सौसर, मधली भिंत चार फुटांची. राज्य हिंदी म्हणून दिवसभर शाळेत पोरांना हिंदीत शिकवते आणि संध्याकाळी नवऱ्याशी मराठीत भांडते, त्यामुळे दोन्ही भाषांना गंज चढलेला नाही. काकाजी मला सूनबाई म्हणतात. ते नात्यानं कोणी लागत नाहीत, पण बावीस वर्षं आमच्या घरचा काळा चहा पिऊन “साखर जरा जास्त झाली” म्हणणारा माणूस परका कसा म्हणायचा?

आता त्यांच्या बगीच्याबद्दल सांगते, म्हणजे माणूस कळेल. आमच्याकडे संत्र्याचा बगीचा लावायचा तर शहाणा माणूस नर्सरीत जातो आणि कलमं आणतो. जंबेरी लिंबाच्या रोपाला चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा बांधलेला असतो. सगळी झाडं एका मायची, फळं सारखी, व्यापारी खूश. काकाजींनी मोहगावच्या रस्त्यावरच्या आपल्या दोन एकरांत एक कलम लावलं नाही. सगळं बियांपासून. बियाचं झाड म्हणजे आठ-दहा वर्षं वाट बघायची, बोटभर काटे सोसायचे आणि शेवटी काय पदरात पडेल ते देवाला माहीत.

या बियांपायी त्यांनी लाज सोडली होती. लग्नात पंगत उठली की काकाजी पत्रावळींमधून फिरायचे. जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेले तर देवापेक्षा प्रसादाच्या संत्र्यांकडे लक्ष जास्त, आणि आख्खी रांग थांबवून पुजाऱ्याला विचारणार, कोणाच्या बगीच्याचं हाये? एकदा छिंदवाड्याच्या बसमध्ये समोरची बाई संत्रं खात होती. काकाजींनी तिच्यापुढे हात पसरला. तिनं भला माणूस संकटात आहे असं समजून हातावर दोन रुपये ठेवले. काकाजींनी नाणं परत केलं आणि म्हणाले, “पैसे नको बाई, बिया थुका.” ती बाई पुढच्याच थांब्यावर उतरली. बिया मात्र देऊन उतरली, हे काकाजी मोठ्या अभिमानानं सांगायचे.

खरा वेडेपणा पुढे होता. संत्र्याचं एक बी पेरलं तर त्यातून कधीकधी दोन-तीन कोंब निघतात. हे मलाही त्यांनीच दाखवलं. दोन चांगले टवटवीत, आणि एखादा वाकडा, किडकिडीत, पानं वेगळीच. कोणीही वाकडा उपटेल. काकाजी चांगले उपटायचे आणि वाकडा ठेवायचे. मी एकदा डोक्याला हात लावून विचारलं, काकाजी, हे काय करून राहिले? ते म्हणाले, “चांगली हायेत नं, ते मायची नक्कल हायेत. मायले तं मी ओळखतो. हे वाकडं कोण हाये, ते पाहाचं हाये मले.”

गावानं त्या बगीच्याला वेड्यांची वाडी म्हणायला सुरुवात केली. मीही हसायची, खोटं कशाला बोलू? मग एका वर्षी नोव्हेंबरात, फळं लागलेली असताना, काकाजींच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, मला तिथे नेलं आणि माझं हसणं बंद झालं.

दोनशेच्या वर झाडं, आणि एकासारखं दुसरं नाही! एकाची फळं पेढ्यासारखी चपटी, शेजारच्याची मानेशी लांबट. एकाची साल हात लावताच सुटून येते, दुसऱ्याची नखं दुखेपर्यंत सुटत नाही. एकाचं फळ पिकलं तरी हिरवंच राहतं, आत मात्र शेंदरी रंग. एकाच्या फळात मी तेरा फोडी मोजल्या, एकाच्यात एकसुद्धा बी नव्हतं, आणि एका झाडाचं पान चुरडलं तर चक्क ओव्याचा वास! सगळी संत्र्याचीच लेकरं ही, एकाच मातीत, एकाच विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. मी वीस वर्षं वर्गात “सगळे सारखे बसा” म्हणून ओरडणारी बाई. त्या दिवशी त्या झाडांमध्ये उभी राहिले आणि मला खरंच भरून आलं. देवळात जे वाटायला पाहिजे आणि वाटत नाही, ते तिथे वाटलं.

काकाजींनी प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. एक जावई, कारण बाहेरून टोलेजंग आणि सोलला तर आत बोटाएवढ्या फोडी. एक सासू, सुरुवातीला गोड आणि मग तासभर तोंड कडू. काकूंना ते नाव पसंत नव्हतं, पण झाडाचं फळ खाल्ल्यावर त्यांनी हरकत मागे घेतली.

आणि कोपऱ्यात, विहिरीजवळ, मुकी. मुकी म्हणजे वर्षानुवर्षं उभं असलेलं झाड, ज्याला एकदाही फूल आलं नव्हतं. रोप असताना ते इतकं मरतुकडं होतं की वाकड्यांच्या या भक्तानंसुद्धा त्याला उपटायला हात घातला होता. काकूंनी तो हात धरला. असू द्या एक माझ्यासाठी, म्हणाल्या. त्यामुळे झाड काकूंचं. पाणी काकूच घालायच्या. लोक म्हणायचे, तोडा, जागा अडवून राहिलं. काकू म्हणायच्या, बोलन नं, काही लेकरं उशिरा बोलतात.

काकाजींच्या जिभेचा त्या काळात मोठा दबदबा होता. बोरगावपासून, पार पांढुर्ण्यापासून लोक आपल्या झाडाचं फळ घेऊन यायचे. काकाजी फळ हातात घ्यायचे, सोलायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, थांबा, चष्मा आणतो. आत जायचे, चष्मा लावून यायचे आणि मग निकाल द्यायचे. संत्रं चाखायला चष्मा कशाला लागतो, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. निकाल असा, की लोक चाट पडायचे. एका बागायतदाराला म्हणाले, तुमच्या फळाची चव म्हणजे कढी फुटायच्या आधीचा आंबटपणा, एक उकळी जास्त झाली असती तर बिघडली असती. दुसऱ्याला म्हणाले, ताकाच्या लोट्यात गूळ पडल्यासारखं लागतं, आणि गूळ पुरता विरघळला नाही. लोक मान डोलवत जायचे. मला नवल वाटायचं, की ज्या माणसाला आपल्या घरात हळदीचा डबा कुठे असतो ते माहीत नाही, त्याला कढीचं एवढं कसं कळतं? पण नवल वाटून मी पोळ्या लाटायला लागायची.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. चार दिवसांचं दुखणं. काकाजी रडले नाहीत, निदान आमच्यासमोर नाही. फक्त त्यांनी निकाल देणं बंद केलं. कोणी फळ घेऊन आलं तर म्हणायचे, आता नाही पाहत मी. आणि त्यानंतर पहिल्याच हंगामात ते नवीन खूळ सुरू झालं, दिसेल त्याला फोड भरवायची आणि कसं लागते ते विचारायचं. आम्ही समजलो, एकटेपणानं डोकं फिरलं. पोस्टमन गल्ली बदलून जायला लागला.

यंदा फेब्रुवारीत काकाजी भिंतीवरून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओरडताना ऐकलं. मुकीले फूल आलं सूनबाई! मोजून अकरा फुलं. मी आणि आमचे हे, दोघंही बघून आलो. वाऱ्यानं चार गेली, उन्हानं सहा गेली. एक टिकलं. त्या एका फळासाठी काकाजींनी जे केलं ते लोक नातवासाठी करत नाहीत. पावसाळाभर रोज सकाळी जाऊन बघायचे, संध्याकाळी जाऊन बघायचे, आणि हंगाम सुरू झाल्यावर येता-जाता जो भेटेल त्याला दुसऱ्या कुठल्या तरी झाडाची फोड भरवून विचारायचे, कसं लागते. उत्तर ऐकून दरवेळी थोडे खचून परत यायचे.

मग दसऱ्याच्या सुमाराला आमच्या ह्यांना ताप आला आणि मी चिरायत्याचा काढा केला. ज्यांनी चिरायता प्यायला नाही त्यांना काय सांगू? मेलेला माणूस तोंड वाकडं करेल असला कडू. ओट्यावर काढ्याचा ग्लास, शेजारी काकाजींच्या काळ्या चहाचा ग्लास, रंग दोन्हींचा सारखा. काकाजी आले, एक ग्लास उचलला, नेहमीसारखे पायरीवर बसले आणि घोट घोट करून संपवला. मिशा पुसल्या.

“साखर जरा जास्त झाली आज.”

मी मागे वळून पाहिलं. ओट्यावर राहिलेल्या ग्लासातून चहाचा वास येत होता. आधी मला हसू फुटणार होतं. ते ओठापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, कारण काकाजींच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कपाळावर एक आठी नाही. मला गिळू नको म्हणणारा, तेरा तऱ्हेच्या आंबटाचा हिशेब मागणारा माणूस, आणि ग्लासभर चिरायता पिऊन स्वस्थ बसला होता.

मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. मी म्हटलं, काकाजी, तुम्ही आत्ता ह्यांचा काढा प्यायलात. आणि शाळेत खोड्या पकडल्यावर विचारते तसं विचारलं, कधीपासून?

त्यांनी रिकामा ग्लास पायरीवर ठेवला. “कोरोनाच्या तापात गेली,” म्हणाले. “वास गेला, चव गेली. डॉक्टर म्हने येइन वापस. सगळ्यायची आली. माही नाही आली.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. चष्मा आणायला ते आत जायचे तेव्हा हातात दोन फोडी लपवून न्यायचे. स्वयंपाकघरात काकू त्या खायच्या आणि कानात सांगायच्या, कढीसारखं, ताकातल्या गुळासारखं, जे काय असेल ते. काकाजी बाहेर येऊन तेच बोलायचे. इतकी वर्षं त्या माउलीनं नवऱ्याची जीभ होऊन संसार केला, आणि चार फुटांच्या भिंतीपलीकडे राहून मला पत्ता नाही. माझीच मला लाज वाटली. मी म्हटलं, अहो, पण सांगायचं होतं नं कोणाला. ते म्हणाले, काय सांगू? दोनशे झाडं लावली आन त्यातलं एकबी मले ओळख देत नाही, असं सांगू?

आणि मग मला ते खूळ उलगडलं. दोन वर्षं त्यांनी सगळं गाव तपासून काढलं होतं, कारण त्यांना काकूंसारखं सांगणारं तोंड पाहिजे होतं. यंदा मुकी बोलली आणि ती शोधाशोध जिवावर आली. फळ एकच. चुकीच्या माणसाच्या तोंडात गेलं आणि तो “मस्त” म्हणाला, की संपलं. चौदा वर्षांची वाट एका “मस्त”मध्ये बुडाली असती.

“कोणीच पास नाही झालं,” काकाजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, की मागच्या वर्षी तू एकदा म्हणाली होती, शिळ्या भाकरीले तेल-तिखट लावताना तोंडाले पाणी सुटते तसं हे लागते. तवापासून तुह्याकडे पाहून राहिलो, पण शेजारच्या सुनेले कसं म्हनाव, माह्यासाठी खाऊन सांग?

मी परीक्षा घेणारी बाई. जन्मात एवढी घाबरले नव्हते, जेवढी दिवाळीनंतरच्या त्या रविवारी घाबरले. सकाळी चहा घेतला नाही, पोह्यात मिरची टाकली नाही, तोंड कोरं ठेवलं. काकाजी धुतलेलं धोतर नेसून आले. माझ्या स्कूटीवर मागे बसले, दोन्ही हातांनी सीट धरून, आणि मोहगावच्या रस्त्यानं आम्ही बगीच्यात गेलो.

मुकीच्या खाली त्यांनी पोतं अंथरलं. फळ देठासकट कापलं. दिसायला काहीच विशेष नव्हतं, साल जाड, खरबरीत, एका बाजूनं जरा बसकं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, कानाशी नेऊन दाबलं, सोललं, आणि सालीचं तेल उडालं तेव्हा सवयीनं नाक पुढे केलं. मग नाक मागे घेतलं. नऊ फोडी निघाल्या.

“गोड म्हनशील तं मी उठून जाइन,” ते म्हणाले. “वाईट असन तं वाईट सांग. तिचं झाड हाये, खोटं नको.”

मी डोळे मिटले आणि फोड तोंडात ठेवली. पहिल्यांदा काहीच नाही. काकाजी, म्हटलं, आत्ता फक्त पाणी आहे, तांदूळ धुतल्यावरचं पाणी. ते हूं म्हणाले. मग जिभेच्या कडेनं काहीतरी सरकत आलं. थांबा, आंबट येतं आहे, पण लिंबाचं नाही, अंबाडीच्या भाजीचं, वरण घातल्यावर जे मऊ होतं ते. मग गोड आलं, उशिरा, अगदी दबकत. साखरेचं नाही, गुळाचंही नाही. हुरड्याचं. भाजलेला कोवळा दाणा दाताखाली फुटतो ना, ते दूध. आणि गिळल्यावर जे मागे राहिलं ते मला तीन फोडी खाईपर्यंत सापडत नव्हतं. चौथ्या फोडीला सापडलं. दूध करपून भांड्याच्या बुडाला लागतं आणि आपण ते चमच्यानं खरडून खातो, ती खरवड. जळकी, किंचित कडू, आणि पुन्हा खावीशी वाटणारी.

मी डोळे उघडले. काकाजींचे डोळे मिटलेले होते. माझ्याबरोबर त्यांचं तोंडही चालू होतं, रिकामं, माझ्या वेगानं चावत होतं. खरवड म्हटल्यावर ते थांबले. ओठ एकदा आत ओढले. “खरवड,” ते म्हणाले, “हो. हो नं.” गालावरून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

मी खरं ते सगळं सांगितलं. साल जाड आहे, प्रत्येक फोडीत दोन-दोन बिया आहेत, बाजारात हे कोणी विचारणार नाही. आणि हेही सांगितलं, की माझ्या सगळ्या आयुष्यात असं फळ मी खाल्लेलं नाही. ते खरं होतं. पन्नाशीला आलेली बाई मी, संत्र्याच्या मुलखात जन्मले, संत्र्याच्या मुलखात नांदले, आणि अशी चव जगात असते हे मला ठाऊक नव्हतं. तो एक कोंब त्या दिवशी उपटला गेला असता तर ती कोणालाच ठाऊक झाली नसती.

आठ फोडी मी खाल्ल्या, एकेक करून, प्रत्येकीचं वेगळं सांगून. त्यांना तेच पाहिजे होतं. नववी मी त्यांच्या हातावर ठेवली. ते नको म्हणाले, वाया जाइन. मी म्हटलं, खा काकाजी.

त्यांनी ती तोंडात ठेवली. खूप वेळ चावली नाही, नुसती जिभेवर धरून बसले. मी वाट बघत होते. मला उगाचच आशा वाटायला लागली होती.

“कसं लागते?” मी विचारलं.

काकाजींनी मुकीकडे वर पाहिलं. रात्रभराच्या गारठ्यानं तिच्या पानांवर अजून दव होतं.

“थंड हाये,” ते म्हणाले. “मले तेवढं समजते.”